भगंदर बरं झालं

माझं भगंदर बरं झालं असं सुरतेच्या डॉक्टरांनी मला तोंडी सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. चार वर्षं ज्या भोकातून पू वाहत होता ते खरोखरच बुजलं. बैलगाडीत बसलं की ब्रह्मांड आठवायचं, ते बंद झालं. मी परत आलो तेव्हा घरच्यांनी नारळ फोडला. पुढं जे झालं ते मी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही, आणि तिलाही सांगावं लागलं नाही, कारण पहिले आठ दिवस माझी धोतरं तीच धूत होती.

डॉक्टरांचा दोष मुळीच नाही. त्यांनी आधीच बजावलं होतं. नळी खोलवरून गेली आहे, उघडायची तर थोडा स्नायू कापावा लागेल, मग पातळ झालं तर कदाचित धरवणार नाही, वाऱ्यावरही ताबा राहणार नाही. मी तेव्हा पस्तिशीचा होतो आणि वेदनेनं इतका कावलो होतो की पाय कापतो म्हणाले असते तरी हो म्हटलं असतं. तीन महिन्यांनी जखम दाखवायला पुन्हा गेलो. त्यांनी जखम बघितली, खूश झाले आणि विचारलं, बाकी सगळं ठीक ना? बाकी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, अगदी ठीक. एवढ्या लांब नंदुरबारहून आगगाडीनं जाऊन, ज्याच्यापुढे लाजायचं कारण नाही अशा एकुलत्या एका माणसाशी मी खोटं बोललो. परतीच्या प्रवासात नवापूर येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो.

ठीक काहीही नव्हतं. घट्ट झालं तर निभायचं. पातळ झालं की कळ आल्यापासून माझ्या हातात फार तर पाच मिनिटं असायची. वारा तर विचारून जातच नसे. शिंक आली, खोकला आला, मोठ्यानं हसलो, की गेलं. लंगोटात जुन्या धोतराची घडी ठेवायची, ती दिवसातून दोन-तीनदा बदलायची, आणि बदललेली कुठं दडवायची हा एक मोठाच उद्योग होऊन बसला. मिरची सोडली. नंदुरबारच्या मुलखात मिरची सोडलेला माणूस म्हणजे आजारी किंवा ढोंगी, तेव्हा मी ढोंगी व्हायचं ठरवलं आणि गुरूचा उपदेश घेतला आहे असं सांगू लागलो. दूध तर विषासारखं टाळलं. दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात मला घर गाठावं लागे.

सगळ्यात जास्त काय गेलं म्हणाल तर सकाळची सोबत. आमच्या तापीकाठच्या गावात पुरुष माणसं उजाडता उजाडता टमरेल घेऊन नाल्याकडे निघत. जाताना आणि येताना गावाचा सगळा कारभार तिथंच ठरायचा. कुणाची सोयरीक, कुणाचा बांध, कुणाचा बैल विकायचा. त्या घोळक्यात हशा पिकवायचं काम माझं होतं. ऑपरेशननंतर मी एकटा, वेगळ्या वाटेनं, अंधार असतानाच जाऊ लागलो. लोकांनी एक-दोनदा हाका मारल्या, मग मारल्या नाहीत. सुरतेला जाऊन हा शिष्ट झाला, असं त्यांचं मत पडलं. शिष्ट म्हणा, पण ते म्हणू नका, असं मला व्हायचं. कुठंही बसायची वेळ आली तर मी कडेची जागा धरी, दाराजवळची, पटकन उठता येईल अशी.

आमच्या शेतावर तेव्हा एक सालदार होता. सालदार म्हणजे एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या आखाजीपर्यंत, वर्षभरासाठी ठेवलेला गडी. जातीनं भिल्ल, वय पन्नाशीपुढचं, माझ्या वडिलांच्या वेळेपासून दरवर्षी आमच्याकडेच राहिलेला. तो गावाच्या टोकाला झोपडीत राहायचा. एकदा दुपारी मळ्यातल्या विहिरीवर मी माझी ती फडकी धूत बसलो होतो आणि मागं वळून पाहतो तर हा उभा. जमीनदार माणूस स्वतःचे कपडे धुतोय हेच मुळात अजब, त्यात कपडे तसले. त्यानं पाहिलं आणि पाहिलंच नाही अशा चालीनं तो मोटेकडे गेला. मला त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी विहिरीपलीकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा कंबरेएवढा आडोसा उभा होता, आत पाण्यानं भरलेला माठ आणि मूठभर राख. हे काय म्हणून मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. माठ मात्र रोज भरलेला असे.

गाडी तोच हाकायचा. नंदुरबारच्या बाजाराला जाताना कोस-दीड कोसावर, जिथं झुडपं दाट असतील नेमकं तिथं, तो बैल थांबवायचा आणि मागं न बघता म्हणायचा, “मालक, चाक कुरकुरी ऱ्हायनं. वंगण लावी लेसू. तोवर तुम्ही पाय मोकळा करी या.” मी खाली उतरायचो. गाडीत आणखी माणसं असली तर ती म्हणायची, या गड्याला वंगणाचं भारीच वेड. तो हसायचा. त्या चाकांना एवढं वंगण लागत असतं तर गाडी रस्त्यावरून घसरून गेली असती. पण त्याच्यामुळे मी पुन्हा बाजाराला जायला लागलो, चार माणसांत दिसायला लागलो. ऑपरेशन करून मला डॉक्टरांनी वेदनेतून सोडवलं, आणि घरातून बाहेर काढलं ते या माणसानं. त्याचे आभार मानले असते तर माझं दुखणं कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून मी ते कधी मानले नाहीत.

त्या वर्षी फाल्गुनात माझ्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी निघाली. मुलाचं घर सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठालाच. माणसं तालेवार, पण संशयी. मुलीच्या घराण्यात कुणाला काही दुखणं आहे का याची त्यांनी आडून आडून चौकशी केल्याचं माझ्या कानावर आलं होतं. माझं त्यांना कळतं तर सोयरीक तिथंच मोडली असती, आणि का मोडली हे पुढच्या दहा गावांना कळलं असतं. मुलगी बिचारी जन्मभर घरात बसली असती. बैठकीला मी, माझा चुलतभाऊ आणि मुलीचा मामा असे तिघं निघालो. गाडीवर सालदार. मी आदल्या दिवसापासून दादर ज्वारीच्या कोरड्या भाकरीशिवाय काही खाल्लं नव्हतं. वाटेत दोनदा चाकं कुरकुरली.

तिथं ओसरीवर बैठक घातलेली होती. लोड, तक्के, पांढरी चादर. मला मधोमध बसवायला लागले तर मी नको नको करत ओट्याच्या कडेला, पायरीजवळ बसलो. माझी ही नम्रता मुलाच्या आजोबांना फार आवडली. बैल सोडून सालदार अंगणात त्याच पायरीशी, माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसला. बोलणी चांगली चालली. मग पितळी पेल्यांतून दूध आलं, आटवलेलं, वेलदोडे घातलेलं.

सोयरिकीच्या बैठकीत दुधाचा पेला मुलीच्या बापानं परत केला तर त्याला ही जागा पसंत नाही असं धरतात. आमच्याकडे ही रीत आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. बोलणी कितीही गोड झालेली असोत, पेला परत म्हणजे नकार. मी पेला हातात घेतला. अंगणातून सालदार माझ्याकडे बघत होता. मी सगळा पेला प्यालो, आजोबा हसले आणि त्यांनी पंचांग आणायला सांगितलं.

पाव घटका गेली असेल. सालदार उठून पायरीशी आला आणि म्हणाला, “मालक, उजवा बैल लंगडी ऱ्हायना. एकदाव देखी ल्या.”

बैलाला काही झालं नव्हतं. मला उठायला त्यानं निमित्त काढून दिलं होतं. पण पंचांग उघडलेलं, मुहूर्त काढणं चाललेलं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत असलेले. एका गड्याच्या सांगण्यावरून मी उठून जाणं मला कमीपणाचं वाटलं. शिवाय पोटात अजून कळ नव्हती. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, “बस तठेच. नंतर देखसूत.”

तो बसला. आणि थोड्या वेळानं, कळ वगैरे काही न येता, मला बसल्या जागी झालं.

फार नाही. घडीनं धरलं, चादरीला काही लागलं नाही. पण वास कसा धरणार? मी पुतळ्यासारखा बसलो. कपाळावर घाम आला तो पुसायचीही हिंमत होईना. आजोबांनी नाक वर केलं.

“कसाना वास ई ऱ्हायना?”

माझ्या चुलतभावानं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याची नजर पायरीशी बसलेल्या सालदारावर गेली. ती तिथंच जाणार होती. ओट्यावर बसलेल्या स्वच्छ धोतरांपैकी कुणाचं हे काम असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

“काय रे,” चुलतभाऊ म्हणाला, “तुन्हं काम का हाई?”

सालदारानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मान खाली घालून म्हणाला, “हा, मालक. मन्हं पोट बिघडेल शे. माफी करा.”

इथपर्यंत झालं असतं तरी मी स्वतःला थोडंबहुत समजावलं असतं. त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं, मी गप्प राहिलो, मुलीसाठी राहिलो. पण मी गप्प राहिलो नाही. कुणाला माझा संशय येऊ नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, “लाज नही वाटस तुले? चार माणसंमा कसं बसानं ते समजस नही? ऊठ तठून.” माझा आवाज खरोखर रागाचा होता. तो राग कुठून आला ते मी अजून स्वतःला विचारतो. घरातून शेणाचा पो आणून दिला गेला आणि ज्या पायरीवर त्याचं काहीच सांडलं नव्हतं ती पायरी त्यानं सगळ्यांदेखत सारवली. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. मग बैल बघण्याच्या निमित्तानं मी उठलो आणि त्यांच्या गोठ्यामागे जाऊन स्वतःला नीट केलं.

मुहूर्त आखाजीनंतरचा निघाला. सुपारी फुटली.

परत निघताना चुलतभाऊ म्हणाला, याच्याजवळ बसवणार नाही, मी गाडी हाकतो. “त्याले मांगे चालू द्या.” मी मान हलवली. चार कोस वाट, फाल्गुनातलं ऊन, आणि माझ्या वडिलांच्या वेळचा तो माणूस गाडीमागच्या धुळीतून चालत आला. चुलतभावाला चाकं कुरकुरलेली ऐकू येत नसत. दूध अजून माझ्या पोटात होतं. एका ठिकाणी मला राहवेना तेव्हा मी म्हणालो, “जराखी थांबाड गाडी. म्हातारा माणूस शे, मांगे पडी गया.” गाडी थांबली. तो येईपर्यंत मी झुडपात जाऊन आलो. पुढं आणखी एकदा तसंच केलं. मुलीचा मामा चुलतभावाला म्हणाला, बघा, एवढं होऊनही याला गड्याची दया येते. चुलतभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “तुन्हं काळीज भलतं मऊ शे.”

ही गोष्ट गावात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. सोयऱ्यांच्या ओट्यावर सालदारानं काय केलं हे चुलतभाऊ हातवारे करून सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. सकाळच्या नाल्याकडच्या घोळक्यात तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. मला पुन्हा हाका मारल्या जाऊ लागल्या, कारण गोष्टीचा एक साक्षीदार मी होतो. मी एकदा सांगितलीही. थोडी वाढवून.

बायकोनं ती माझ्याच तोंडून ऐकली. खरं काय असेल ते तिला लगेच कळलं, धोतर तिनंच भिजत घातलं होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “लगीन व्हई जाऊ द्या. मंग बोला. पन त्याले काढू नका.”

आखाजी आली. त्या दिवशी आमच्या भागात सगळ्या सालदारांचं साल संपतं. सकाळी ज्यानं त्यानं आपल्या मालकाच्या दारात यायचं, मालकानं जेवू घालायचं, नवं धोतर द्यायचं, आणि पुढलं साल राहणार की नाही हे दोघांनी घरच्यांसमोर बोलून टाकायचं. तो नेहमीसारखा आला. पण दोन दिवस आधी सोयऱ्यांचा निरोप येऊन पडला होता: वऱ्हाडात तो गडी दिसायला नको. चुलतभाऊ सकाळपासून माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. मी सालदाराला जेवू घातलं, धोतर दिलं आणि म्हणालो, यंदा नको.

त्याला ते अपेक्षितच असावं. गावातला दुसरा कुणी त्याला ठेवणार नव्हता, हेही त्याला ठाऊक होतं. अक्कलकुव्याकडे बायकोचे भाऊ आहेत, तिकडे जातो म्हणाला. मग चुलतभाऊ पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात जवळ येऊन हळूच बोलला. इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागायची त्याची ही पहिलीच वेळ.

“मालक, गाव काय म्हनी ते म्हनू द्या. पन मन्ही बायको मन्हं ताट येगळं मांडस. पोऱ्ह्यासले मन्हाजोडे बसू देत नही. तिले एकदाव सांगी द्या, का ते मन्हं काम नही व्हतं. तुम्ही सांगं तर ती ऐकी.”

“सांगसू,” मी म्हणालो.

तिसऱ्या प्रहरी मी त्याच्या झोपडीकडे गेलो. जाताना वाटभर वाक्य जुळवत होतो. ते काम माझं होतं. चार शब्द. ऐकणारी एक बाई, जी उद्या गाव सोडून डोंगराकडे जाणार, जिला माझे सोयरे ओळखत नाहीत. सांगून माझं काय जाणार होतं? काही नाही. तरी वाटेत दोनदा मी परत फिरायला बघितलं.

झोपडीपुढे त्यांचं सामान बांधून ठेवलेलं होतं. तो दोरी आवळत होता. मला बघून बायको पदर ओढून उभी राहिली. मी तिला म्हणालो, “त्या दिन सारंगखेडाकडे जे व्हयनं, त्यामा याना काही दोस नही शे. ते यानं काम नही व्हतं.”

पुढचे शब्द जिभेवर होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले.

“मालक, तुम्ही भला माणूस शेतस,” ती म्हणाली. “काढी टाकं तरी त्याना दोस झाकी ऱ्हायनात.”

आणि ती खाली वाकून माझ्या पाया पडली. दोरी आवळता आवळता तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. तो वाट बघत होता. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखानं जा म्हणालो आणि घरी आलो.